एकविसावा प्रश्न

‘समाधान’ हा शब्द आमच्या घरात फार जुना आहे. आजी तो दिवसातून चार-पाच वेळा तरी उच्चारते. पाऊस निम्माच पडला तरी समाधान, कपाशीला भाव कमी मिळाला तरी समाधान, गाय आटली तरी वासरू जगले याचे समाधान. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे ती सांगते. पण अंथरूण आखूड आहे असे तिने आयुष्यात कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे बंगळूरच्या कुठल्याशा संस्थेला माझे समाधान मोजायचे आहे हे वर्गात ऐकले तेव्हा मला आधी हसूच आले. समाधानी असावे, एवढेच आम्हाला शिकवले होते. किती समाधानी आहोत हे चार ते शून्य अशा पट्टीवर सांगायचे असते, हे कुणी सांगितले नव्हते.

ती संस्था म्हणजे नॅक. 1994 साली ती स्थापन झाली आणि कॉलेजांना, विद्यापीठांना श्रेणी देण्याचे काम तिच्याकडे आले. नॅक येणार म्हटले की भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात, एरवी बंद असणारे पंखे फिरू लागतात, हे प्राध्यापक मंडळींनी हसून मान्य करावे. आम्ही विद्यार्थी काही बोलत नाही. 2017 मध्ये नॅकने मूल्यांकनाची रीत बदलली आणि तीत ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’ नावाचे नवे प्रकरण घातले. वीस प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. एकविसावा प्रश्न तेवढा मोकळा. त्यात अध्यापन-अध्ययन सुधारण्यासाठी आपल्या तीन सूचना लिहायच्या. समर्थांचे जांब आपल्याच जिल्ह्यात आहे. दासबोधाची दशके वीस आणि या प्रश्नावलीचे प्रश्नही वीस, एवढे साम्य मला चटकन जाणवले. पुढे मात्र जाणवले नाही.

आता गंमत पाहा. हे सर्वेक्षण विद्यार्थ्याच्या ई-मेलवर येते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचा ई-मेल त्यांचा स्वतःचा नाही. बारावीनंतर प्रवेशाचा आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्या दादाने तो काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्या वहीत असतो, नाही तर नुसता डोक्यात. मोबाईल नंबर वडिलांचा आणि ओटीपी येतो तेव्हा वडील शेतात. तेव्हा आमचे समाधान कळवणारा कागद आला तो वास्तविक बसस्टँडसमोरच्या एका नेट कॅफेत आला. दादा भला माणूस आहे, त्याने काही भरले नाही. भरले असते तरी बंगळूरला काय कळणार होते? आम्ही जालन्यात किती सुखी आहोत हे एखाद्या दिवशी त्यानेच ठरवून टाकले असते.

शेवटी एका दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीत आम्हाला बसवून जमेल तितक्या मुलांचे फॉर्म भरून घेण्यात आले. दडपण कुणी आणले नाही, हे मुद्दाम लिहिते. ‘खरे लिहा’ असेच सरांनी सांगितले आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. तरीही माझ्या दोन्ही बाजूंच्या मुलींनी वीसही प्रश्नांना सगळ्यांत वरचा पर्याय दिला. एक म्हणाली, “अगं, सरांना वाईट वाटंल.” दुसरीचे कारण मला जास्त विचार करायला लावणारे वाटले. ती म्हणाली, “आपल्याला इथवर येऊ दिलं घरच्यांनी, हेच लई झालं. आता कशाला नावं ठेवायची?”

हे ‘लई झालं’ कसे मोजायचे? ज्या घरात चार पिढ्यांत कुणी कॉलेजचे फाटक पाहिले नाही, तिथल्या मुलीला वर्गात फळा आहे, फळ्यासमोर शिकवणारा माणूस आहे, एवढ्यानेच भरून येते. पुण्या-मुंबईची मुलगी प्रोजेक्टर बिघडला म्हणून दोन गुण कापेल. आमची मुलगी बाक मोडका असला तरी चार देईल. आकडे शेजारी शेजारी मांडले तर आमचेच कॉलेज अधिक सुखी दिसेल. मागणे जिथे कमी तिथे समाधान जास्त, हे त्रैराशिक आजीला केव्हाच कळले आहे. नॅकला कळले आहे की नाही, मला शंका आहे.

प्रश्न वाईट नव्हते. अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत गुण देताना न्याय होतो का, उदाहरणे देऊन समजावतात का, तुमच्यातले कच्चे दुवे ओळखून मदत करतात का, किती शिक्षक प्रोजेक्टर वगैरे वापरतात, असे सगळे. एका प्रश्नात ‘विद्यार्थ्यांची देवाणघेवाण’ होते का असे होते. परगावच्या, परदेशच्या विद्यापीठाशी विद्यार्थ्यांची अदलाबदल, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे देवाणघेवाण हा शब्द लग्नाच्या बैठकीत येतो. त्यामुळे खोलीत जरा खसखस पिकली.

पण त्या वीस प्रश्नांत पाणी नव्हते, स्वच्छतागृह नव्हते. वाचनालय किती वाजता बंद होते हा प्रश्न नव्हता, वसतिगृह नव्हते आणि एस.टी. तर नव्हतीच. बंगळूरला वाटले असावे की विद्यार्थी वर्गातच उगवतो आणि तास संपला की वर्गातच मावळतो. आम्ही येतो कुठून आणि जातो कुठे?

विद्यापीठाचा परिसर म्हणून काही सुंदर गोष्ट असते, हे मला ठाऊक आहे. आपल्या विद्यापीठाचा परिसर मी पहिल्या वर्षाला असताना एका स्पर्धेच्या निमित्ताने पाहिला. मागे लेण्यांचे डोंगर, पायथ्याशी सोनेरी महाल, झाडांतून गेलेले रस्ते, मोठे ग्रंथालय, वसतिगृहे. 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याआधी मराठवाड्यातल्या पोरांना पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. निजामाच्या काळात तिथले शिक्षण उर्दूतून, आणि जालन्याहून जायला 1900 साली सुरू झालेली मनमाड-हैदराबाद मार्गावरची छोट्या रुळांची गाडी. त्या मानाने आमचे विद्यापीठ साठ किलोमीटरवर आले, हे केवढे तरी सुख. पण परिसरातल्या सेवांचा लाभ परिसरात राहणाऱ्यांना. चार जिल्ह्यांतल्या चारशेहून अधिक संलग्न कॉलेजांत शिकणाऱ्या आम्हा बहुसंख्यांच्या वाट्याला विद्यापीठ येते ते हॉलतिकीट, निकाल आणि गुणपत्रिका एवढ्या तीन कागदांच्या रूपाने. आमचा परिसर म्हणजे फाट्यापासून बसस्टँड आणि बसस्टँडपासून कॉलेज.

ही गोष्ट ज्यांना फार लवकर कळली होती असे एक नाव मला इथे घ्यावेसे वाटते. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज औरंगाबादला काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नुसते वर्ग बांधून भागणार नाही, खेड्यातून येणारा गरीब मुलगा राहणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न तिथे वर्गाइतकाच महत्त्वाचा मानला गेला आणि नागसेनवनात वसतिगृहे उभी राहिली. तिकडे सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी हेच आधीपासून चालवले होते. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांचीच शिकवण. आपल्या वाचनालयात पुस्तकांना चिठ्ठ्या डकवणारा आमच्या वर्गातला मुलगा त्याच योजनेतून स्वतःच्या खोलीचे भाडे काढतो. या दोघांनी विद्यार्थ्याचे समाधान कधी मोजले नसेल. त्याला भाकरी आणि छप्पर लागते, एवढे त्यांनी धरून चालले.

मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला मागताच येत नाही असे मात्र कुणी समजू नये. 1974 चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनीच पेटवले होते. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यापुढची सोळा वर्षे, 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार होईपर्यंत, या विद्यापीठाच्या नावासाठी माणसांनी घरे जळताना पाहिली, तुरुंग भोगले, प्राण दिले. आपल्याहून मोठ्या असलेल्या त्या पोरांना कुणी पाच पर्याय दिले नव्हते. आता पर्याय आहेत, आणि त्यांतला सर्वांत वरचा निवडून आम्ही घरी जातो. इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनी निराळेच केले. तिकडे 2005 पासून असे राष्ट्रीय सर्वेक्षण होते. त्याचे निकाल फी वाढवण्याशी जोडले जाणार म्हटल्यावर 2017 मध्ये त्यांनी फॉर्म भरण्यावरच बहिष्कार टाकला. ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या विद्यापीठांत निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांनी तो भरला. आपले मत किती किमती आहे हे त्यांना ठाऊक होते म्हणून ते त्यांनी अडवून धरले. आमचे मत नेट कॅफेत पडून होते.

त्याच 2017 साली मुंबई विद्यापीठात काय झाले तेही आठवते. मी तेव्हा शाळेत होते, पण वर्तमानपत्रात रोज येई. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरले आणि तयारी पुरी नसल्याने निकाल महिनोन्‌महिने रखडले. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदतही टळली. त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कायदा तर सांगतो की परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात ते लिहिलेले आहे. माझ्या वर्गातल्या किती जणांना हे माहीत आहे, हात वर करा म्हटले तर तीन वर येतील. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात आपल्याला पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच दिला आहे, हे तर राज्यशास्त्राच्या मुलांनाही ठाऊक नव्हते. जे मिळायला हवे ते काय, हेच माहीत नसेल तर मिळाले नाही म्हणून कुणी असमाधानी होणार कसे?

असो. मी बोलणार होते ते एस.टी.विषयी.

आमचे गाव राजूरच्या रस्त्यावर, फाट्यापासून दोन किलोमीटर आत. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत असतो. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे आणि ती नसती तर आमच्या गावातली एकही मुलगी दहावीच्या पुढे गेली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. बारावी झाली की तो पास संपतो. मग विद्यार्थी सवलतीचा मासिक पास, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश आपण भरायचा. रक्कम ऐकणाऱ्याला किरकोळ वाटते. पण आमच्याकडे दर महिन्याला ती काढून ठेवताना मायला किराणा दुकानात काहीतरी एक वस्तू ‘पुढच्या वेळी’ म्हणावी लागते. 2023 च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना निम्मे तिकीट झाले, तेव्हा गावातून कॉलेजला निघालेल्या मुलींसोबत त्यांच्या आयाही कधीमधी जालना पाहू लागल्या. तेही एक चांगले झाले.

पहिल्या वर्षाला आम्ही गावातून दोघी होतो. मी आणि माझी मैत्रीण. तिचे नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. दहावीला ती माझ्यापुढे होती, बारावीलाही. इतिहास घेऊन पुढे स्पर्धा परीक्षा द्यायची असे तिने ठरवले होते. तो 2021 चा पावसाळा. कोरोनामुळे कॉलेजे बंदच होती. प्रवेश झाला तो मोबाईलवर. 20 ऑक्टोबरला महाराष्ट्रातली कॉलेजे उघडली आणि आम्ही दोघी पहिल्यांदा फाट्यावर उभ्या राहिलो. नवी बॅग तिची होती, माझी शाळेचीच. आठ-दहा दिवस गेलो. मग दिवाळीच्या तोंडावर संप सुरू झाला आणि बघता बघता राज्यातल्या सगळ्या गाड्या आगारात जाऊन उभ्या राहिल्या.

संपकऱ्यांना मी दोष देत नाही. एक वाहक काका आमच्या ओळखीचे आहेत, त्यांच्या घरात काय चालले होते ते आम्ही पाहिले. संप कुणी हौसेने करत नाही. पण तो एप्रिल 2022 पर्यंत चालला, म्हणजे एक अख्खे शैक्षणिक वर्ष. मधे जानेवारीत कोरोनामुळे काही आठवडे कॉलेजेही पुन्हा बंद झाली. बाकी दिवसांत जायचे तर काळीपिवळी. तिचे भाडे पूर्ण, पास नाही, आणि आत चौदा-पंधरा माणसे. माझे वडील मला मोटारसायकलने फाट्यावर सोडत, तिथून मी काळीपिवळीत बसे. तिचे वडील दिवसभर दुसऱ्याच्या शेतात. तिच्या भावाने काळीपिवळीत पुरुषांमध्ये दाटीने बसून जायचे नाही असे सांगितले. भाऊही वाईट नाही. त्याने मध्यंतरी एकदा मागून घेतलेल्या गाडीवर तिला कॉलेजला आणून सोडले होते आणि चार तास फाटकाबाहेर बसून राहिला होता.

एस.टी. सुरू झाली तेव्हा ती परत येईल असे मला वाटले. मी तिच्या नोट्स तयार ठेवल्या होत्या, दोन वह्या. पण घरात बसलेली मुलगी घरात बसलेली दिसते. मे महिन्यात तिचे लग्न ठरले. कॉलेजच्या दप्तरात तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ आणि मग काहीच नाही.

यात माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो प्राध्यापकांनी कृपया ऐकावा. समाधानाची मोजणी हजेरीपटावर जे उरले त्यांचीच होते. ज्यांना आमच्या सेवांनी, किंवा त्यांच्या नसण्याने, मध्येच उतरवून दिले, त्यांना कुणी ई-मेल पाठवत नाही. उरलेल्यांना विचारले की उरलेले म्हणणारच, बरे आहे. बसमध्ये बसलेल्यांना बसबद्दल विचारण्यासारखे हे आहे. फाट्यावर जे राहिले त्यांचे काय?

मी माझा फॉर्म भरला तो जमेल तितका खरा भरला. बऱ्याच सरांना आणि मॅडमना मी मनापासून चार दिले, आणि ते देताना मला आनंद झाला. प्रोजेक्टरच्या प्रश्नाला कमी दिले, कारण वीज नसते तेव्हा प्रोजेक्टर काय करणार? एकविसाव्या प्रश्नात मी तीन सूचना लिहिल्या. पहिली, मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली ऑफिसातल्या खिळ्यावर असते आणि ती मागायला चार पुरुषांच्या टेबलांसमोरून जावे लागते, म्हणून मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. किल्ली तिथून हलवावी. दुसरी, वाचनालय पाचला बंद होते आणि आमची गाडी सव्वासहाला आहे, तो सव्वा तास आम्ही बसस्टँडच्या बाकावर काढतो. तेवढा वेळ वाचनालय उघडे ठेवावे. तिसरी, पहिला तास आठला आहे आणि आमच्या बाजूची पहिली गाडी आठ वीसला पोचते. त्या तासाला आमची उपस्थिती कधीच पुरी भरत नाही; तो तास तरी साडेआठला घ्यावा.

आता म्हणाल, यात अध्यापन-अध्ययन कुठे आले? मला विचाराल तर सगळे अध्यापन-अध्ययन यातच आहे. पाणी न पिता आलेली मुलगी चौथ्या तासाला काय ऐकते, हे ज्याचे त्याने ठरवावे. जालना सोने का पालना अशी म्हण आहे. पाळणा सोन्याचा असला तरी बाळाला तहान लागतेच.

माझ्या सूचना बंगळूरला कुणी वाचल्या की नाही, देव जाणे. मी त्या एका कागदावर उतरवून आमच्या मॅडमनाही दिल्या होत्या. त्यांनी काही भाषण केले नाही. पुढच्या सोमवारी स्वच्छतागृहाचे कुलूप गेले आणि आतून नवी कडी लागली. कडी लावणारे शिपाई मामा म्हणाले, “पोरींनो, आधी सांगायचं न्हाई का?” वाचनालयाच्या वेळेचा अर्ज पुढे गेला आहे असे कळते. साडेआठच्या तासाचे मात्र जमणार नाही, सर्वांच्या सोयीने वेळापत्रक लावावे लागते असे उत्तर मिळाले. ‘सर्वां’मध्ये राजूर रस्त्यावरचे किती आणि गावातले किती, हे एकदा मोजायला हवे, हजेरीपटावर सगळ्यांचे पत्ते आहेत.

गेल्या महिन्यात मैत्रिणीचा फोन आला. तिचे सासर अंबड तालुक्यात आहे, मुलगी दोन वर्षांची झाली. मी अंकासाठी हा लेख लिहीत होते, प्रश्नावली समोरच होती. सहज म्हटले, तुला विचारू का? ती म्हणाली, विचार. अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला? “आठ दिवसांत व्हईल तेवढा.” शिक्षक उदाहरणे देऊन समजावतात का? “इतिहासाचे सर चांगले होते गं. देवगिरीचा किल्ला सांगितला होता त्यांनी, अजून आठवतो.” मग तिलाही गंमत वाटू लागली. वीसपैकी अकरा प्रश्नांना ती म्हणाली, “माहीत नाही.” प्रश्नावलीत ‘माहीत नाही’ असा पर्यायच नाही, हे माझ्या त्या वेळी ध्यानात आले.

एकविसावा प्रश्न वाचला तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागे मुलगी रडत होती, तिला तिने उचलून घेतल्याचे ऐकू आले. मग तिने विचारले, “नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा फॉर्म घरूनच भरता येतो म्हणतात. आपल्या बारावीच्या मार्कांवर बी.ए.ला घेतील का? जालन्यात अभ्यासकेंद्र कुठं आहे, आन् तास रविवारी असतात का, एवढं विचारून सांग. रविवारी हे घरी असतात, पोरीला सांभाळतील.”

मी वहीवर तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. अभ्यासकेंद्राचा पत्ता मिळाला आहे. तिथे जाऊन प्रवेशाची तारीख विचारायची राहिली आहे, ती या शनिवारी विचारून येणार आहे.